हृदयारोपिताची कुळकथा

परक्याचे हृदय छातीत वागविणाऱ्या माणसाचे कूळ तसे अर्वाचीनच. त्याचा मूळ पुरुष म्हणजे केपटाऊनचा किराणा व्यापारी लुई वॉशकान्स्की, ज्याच्या देहात ३ डिसेंबर १९६७ रोजी ग्रूट स्क्यूर इस्पितळात डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी अपघातात दगावलेल्या एका तरुणीचे हृदय बसविले. तो अठराव्या दिवशी गेला. पण नवे हृदय अखेरपर्यंत इमानाने चालले होते. परक्यास हुसकून लावणारी देहाची फौज औषधांनी सरसकट बरखास्त केली होती, आणि पाहुण्यासाठी पहारा उठवावा तो दरोडेखोराने आत शिरावे, तसा फुप्फुसदाह आत शिरला.

त्याच्या मागून आलेला दंतवैद्य फिलिप ब्लायबर्ग मात्र घरी परतला आणि सुमारे १९ महिने जगला. त्या यशाने जगभरच्या शल्यविशारदांस जी घाई सुटली तिचे समर्थन करणे आज कठीण आहे. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच हे धाडस केले. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षी जगात शंभराच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत गेले, आणि बहुतेकांनी हत्यारे खाली ठेवली. स्टॅनफर्डच्या डॉ. नॉर्मन शमवे यांनी तेवढी चिकाटी सोडली नाही. त्यांच्याच इस्पितळात १९७३ मध्ये मानेच्या शिरेतून बारीक चिमटा उतरवून हृदयाचा कण तपासण्याची युक्ती निघाली, आणि देहाचे बंड उघड होण्याआधीच त्याची वर्दी मिळू लागली. पुढे नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सिक्लोस्पोरिन निघाले, ज्यास अमेरिकेत १९८३ मध्ये परवाना मिळाला; या औषधाने सगळी फौज मोडण्याऐवजी नेमके बंडखोर शिपाईच रोखले.

तेव्हापासून रुग्णच पालटला. तान्ही बालके आली, सत्तरीला टेकलेले वृद्ध आले. कित्येक तर छातीत पंप आणि अंगावर बॅटऱ्या वागवीत हृदयाची वाट पाहतात. भारतात १९९४ मध्ये मेंदूमृत्यूस कायद्याची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून पहिले यशस्वी आरोपण झाले. आज निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांची मुदत ओलांडतात, आणि मग औषधांनी खंगलेली मूत्रपिंडे, कर्करोग, नव्या हृदयाच्या आक्रसत्या रक्तवाहिन्या अशी दीर्घायुष्याची दुखणी त्यांच्या वाट्यास येतात. त्यातही एक चमत्कारिक अडचण अशी, की मज्जातंतू तोडूनच आणलेले हे हृदय स्वस्थ बसल्यावेळीही भराभर ठोके देते, परंतु त्याला रक्त अपुरे पडले तरी धन्यास बहुधा कळ येत नाही. म्हणून छातीत काहीही दुखत नसता त्याला ठरल्या तारखेस अँजिओग्राफीसाठी इस्पितळात रुजू व्हावे लागते.