बी नसलेल्या गांजाची कुळकथा

गांजाच्या पिकात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. नराचा पराग वाऱ्यावर उडतो, मादीच्या तुऱ्यावर पडतो आणि तुऱ्यात बी भरू लागतं. बी धरलं की झाडाची ताकद तिकडे वळते. पराग मिळालाच नाही, तर मादी नवी नवी फुलं काढत राहते, तुरा दाटत जातो आणि त्यावरच्या बारीक ग्रंथींत राळ साठते. नशा त्या राळेत आणि औषधही त्याच राळेत. कॅनडा, कोलोरॅडो, कॅलिफोर्निया इथल्या परवानाधारक दुकानांतला सगळा कळीचा माल या एका शहाणपणावर उभा आहे: शेतात नर ठेवायचा नाही. हे तंत्र अमेरिकेतल्या हिप्पी शेतकऱ्यांनी १९७०च्या दशकात घडवलं, असं सर्रास मानलं जातं. त्याआधी शंभर वर्षं ते बंगालमध्ये नुसतं रुळलेलं नव्हतं, तर त्यावर पोट भरणारा एक स्वतंत्र कारागीर होता.

राजशाही, बोगरा आणि दिनाजपूर हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना भिडत, त्या नौगाव परिसराला गांजामहाल म्हणत. आज तो बांगलादेशात आहे. १८७७ साली हेमचंद्र कर या डेप्युटी कलेक्टरांनी तिथल्या लागवडीवर आणि व्यापारावर सविस्तर अहवाल लिहिला. पावसाळ्यात रोपवाटिकेत बी टाकायचं, पाऊस ओसरला की रोपं शेतात लावायची आणि नोव्हेंबरच्या सुमारास पारखदाराला बोलवायचं. पोद्दार हेही त्याचं नाव. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला ‘गांजा डॉक्टर’ म्हटलं. तो ओळीओळीतून चालत जाई आणि फुलं उमलायच्या आधी, पेऱ्यापाशी नुकत्या डोकावणाऱ्या कळ्यांवरून नर ओळखी. तेवढी झाडं उपटली जात. हुकलेलं एखादं झाड आसपासच्या पिकात बी भरवायला पुरेसं असतं, म्हणून एका फेरीवर भागत नसे. त्याची पाठ वळल्यावर शेतकऱ्यालाही डोळे उघडे ठेवावे लागत, कारण कधीकधी मादीच्याच फांदीवर चार नरफुलं येतात. आजच्या काचघरांतला माळीही याच भीतीपोटी रोज झाडं तपासतो.

या कौशल्याची कदर का होती, हे अबकारीच्या हिशेबातून कळतं. गांजावर कर वजनावर होता. बियांनी वजन वाढतं, कस वाढत नाही. माल सरकारी देखरेखीखालच्या गोदामांत जाई आणि परवान्याशिवाय बाहेर पडत नसे. पायांनी तुडवून दाबलेला चपटा गांजा, वळून केलेला गोल गांजा आणि झडलेला चुरा अशा त्याच्या प्रती होत्या. १८९३ मध्ये डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने या पिकाचा आणखी बारकाईने अभ्यास केला. पुढे लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक झालेले प्रेन ते हेच.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन यांनी गांजाचा प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. ११९३ साक्षी आणि सात खंड! माफक सेवनाने सहसा मोठं नुकसान होत नाही, अतिरेक घातक आहे, आणि बंदीपेक्षा नियंत्रण व कर बरे, असा त्याचा निष्कर्ष होता. आज गांजाच्या कायद्यावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे खंड वाचायला हवेत असं मला मनापासून वाटतं. वाद तर त्यात आहेतच, पण शेतीही आहे. मुंबई इलाख्यातलं अहमदनगर आणि मध्य प्रांतातलं खांडवा ही गांजाच्या पिकाची ठिकाणं त्यात भेटतात. नर काढून टाकायची रीत बंगालपुरती नव्हती. बंगालने फक्त तिचा वेगळा धंदा केला. नौगावात १९१७ साली गांजा उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि बांगलादेशाने १९८७ मध्ये लागवड थांबवेपर्यंत हे पीक तिथे निघत होतं.

मेक्सिकोतही बी नसलेला माल होता. त्याचं स्पॅनिश नाव ‘सिन्सेमिया’ अमेरिकेत पोचलं. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या मदतीने मेक्सिकोतल्या शेतांवर पॅराक्वाट हे तणनाशक फवारलं गेलं. विषारी मालाच्या धास्तीने गिऱ्हाईक घरच्या पिकाकडे वळलं, आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या डोंगराळ तालुक्यांत हे तंत्र पक्कं झालं. तिथल्या शेतकऱ्यांची मेहनत खरी आहे. पोलिसांच्या हेलिकॉप्टरखाली मूठभर झाडांतून पोट भरायचं, तर एकही तुरा बियांत वाया घालवणं परवडत नव्हतं.

यापुढचा टप्पा दिल्ली विद्यापीठातला आहे आणि तो आपल्याकडेही कुणी फारसा सांगत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम आणि त्यांचे सहकारी १९७०पासून याच झाडाच्या लिंगबदलावर प्रयोग करत होते. १९८२च्या त्यांच्या शोधनिबंधात सिल्व्हर नायट्रेट आणि सिल्व्हर थायोसल्फेट वापरून मादी झाडावर सकस नरफुलं आणल्याची नोंद आहे. झाडातला इथिलीन वायू मादीपण टिकवतो आणि चांदी त्याचं काम रोखते. असा पराग मादीकडूनच आलेला, म्हणून त्यातून होणारं बी जवळजवळ सगळं मादीचं. ‘फेमिनाइज्ड’ बियाण्याचा आजचा बाजार या रसायनावर चालतो. पाकिटावर दिल्लीचं नाव नसतं. ते असायला हवं.

नर गेला, घरातल्या लागवडीचे दिवे आले, वाण निवडून निवडून तेज झाले. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात टीएचसी हे नशेचं द्रव्य १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के. कोलोरॅडोत औषधाव्यतिरिक्त वापरासाठीची दुकानं उघडली तीही २०१४ मध्येच, म्हणजे ही चढण त्या दुकानांच्या आधीची आहे. कायद्याने तिला जाहिरात दिली. लेबलावरचा टक्का हाच भावाचा आधार झाला, आणि नव्या, कोवळ्या वयाच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मला हे चिंतेचं वाटतं. दुसरीकडे वेपची कांडी, खाण्याच्या गोळ्या, पेयं यांचा बाजार वाढला. त्यांना अर्क लागतो, देखणी कळी लागत नाही. हम्बोल्टच्या छोट्या शेतकऱ्याची कमाई त्या देखणेपणावरच होती. कायदेशीर झाल्यावर मोठ्या शेतांचा माल आला, घाऊक भाव कोसळले आणि कित्येकांनी शेती सोडली.

नरही परतला आहे. २०१८च्या अमेरिकी शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेला हेंप मोकळा केला. बियांच्या हेंपला पराग हवाच असतो आणि धाग्याच्या हेंपमधून नर काढला जात नाही. त्याचा पराग वाऱ्याने कित्येक मैल जातो आणि शेजारच्या औषधी पिकात बी भरवतो. यावर पैदासकारांनी त्रिगुणित वाण काढले आहेत. बिनबियांच्या कलिंगडासारखे तेही पराग पडला तरी सहसा बी धरत नाहीत. बियाणं महाग आहे आणि हमी शंभर टक्के नाही.

हा पेच आता आपल्याकडेही येणार आहे. हिमाचल विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक अशा दोन्ही लागवडींची शिफारस करणारा अहवाल स्वीकारला. उत्तराखंडात हेंपचे परवाने २०१८पासून दिले जात आहेत, आणि तिथल्या घरांत भांगेच्या बियांची चटणी पूर्वीपासून होते. म्हणजे एकाच डोंगरउतारावर कुणाला बी हवं असेल, कुणाला नको असेल. दोन शेतांमध्ये किती अंतर ठेवायचं आणि पराग आला तर भरपाई कुणी द्यायची, हे परवाना छापायच्या आधी नियमात लिहावं लागेल.