आधी माती, मग धातू

नवा मेटल डिटेक्टर हातात आला की बहुतेक जण पहिलं काम एकच करतात, सेन्सिटिव्हिटीचं बटण पार टोकापर्यंत फिरवतात. पैसे मोजलेत तर पुरेपूर वसूल करायचे, हा हिशेब. मग यंत्र जे बोंबलायला लागतं ते थांबतच नाही. आवाज येईल तिथे खणावं तर हाती तांबूस खडा नाहीतर नुसतीच माती. तासाभराने एखादा मुरलेला गडी येतो, बटण बरंच मागे घेतो, यंत्राच्या टोकाची कॉइल, म्हणजे तारेची चकती, दोन-चार वेळा जमिनीवर खालीवर करतो आणि त्याच जागेत आधीपेक्षा खोलवरचा तुकडा काढून दाखवतो. संवेदनशीलता कमी केली आणि खोली वाढली, हे उलटं गणित ज्यातून आलं ती या यंत्राची कुळकथा आहे. धातू ऐकायची सोय फार लवकर झाली. माती ऐकू न येण्याची सोय व्हायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं लागली.

जमिनीखालचं धन शोधण्याची आपली पद्धत वेगळी होती. पायाळू माणसाला ते दिसतं, डोळ्यांत अंजन घातलं की अधिकच स्पष्ट दिसतं, अशी समजूत गावोगाव होती. इंग्रज सरकार याकडे व्यवहारी नजरेने बघत होतं. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवलंच पाहिजे, असा कायदा त्याने १८७८ मध्ये केला. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज या संशोधकाने आपला ‘इंडक्शन बॅलन्स’ मांडला. कल्पना साधी होती. तारेच्या वेटोळ्यांच्या दोन जोड्या अशा मांडायच्या की दोन्हीकडचा परिणाम एकमेकांना मारून टाकेल आणि टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये काहीच ऐकू येणार नाही. एका बाजूला धातू आणला की तोल ढळतो आणि आवाज येतो. दोन्हीकडे सारखी नाणी ठेवली तर शांतता, त्यातलं एक खोटं असेल तर लगेच कुरकुर. म्हणजे यंत्राचा पाया शांतता हा होता, आणि ती टिकवायची कशी ही पुढची सगळी भानगड.

ती भानगड पहिल्याच मोठ्या प्रसंगात उघडी पडली. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे रुतली आहे ते डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यूजच्याच धर्तीचं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये आले, एकदा २६ जुलैला आणि पुन्हा १ ऑगस्टला. प्रयोगशाळेत यंत्र चोख चाललं होतं. रुग्णाच्या अंगावरून फिरवलं तेव्हा मात्र नेमक्या जागेऐवजी बऱ्याच मोठ्या भागावर मंद आवाज येत राहिला. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, हे नंतर कळलं. त्यात मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, कारण गोळी उजवीकडेच आहे असं त्यांचं ठाम मत होतं. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला निघाली. ब्लिस यांच्या हट्टाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, आणि ते रास्तच आहे. आपल्या कामाची गोष्ट गादीची. जे शोधायचं त्याच्या भोवतालचं काय, हा प्रश्न यंत्राला तिथे पहिल्यांदा भेटला आणि यंत्र नापास झालं.

त्यानंतर जमीन या कथेत आली ती गंमतशीर वाटेने. १९२० च्या दशकात गेरहार्ड फिशर हे जर्मनीतून अमेरिकेत आलेले इंजिनिअर विमानांसाठी रेडिओवरून दिशा शोधणारी यंत्रं बनवत होते. काही जागी दिशा चुकायची. मध्ये धातूची इमारत किंवा खनिजाने भरलेली जमीन आली की चूक हमखास. दुसऱ्या कोणी ही चूक काढून टाकायचा खटाटोप केला असता. फिशर यांनी चुकीलाच कामाला लावलं. खनिजामुळे रेडिओ लहर बिघडत असेल तर बिघाड मोजून खनिज सापडेल! यातून उभ्या राहिलेल्या ‘मेटॅलास्कोप’चं पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळालं. जमिनीने घातलेल्या गोंधळातून यंत्र जन्मलं आणि पुढे तोच गोंधळ त्याच्या मुळावर उठला.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न जिवाचा झाला. स्कॉटलंडमध्ये असलेल्या पोलिश सैन्यातले लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी एका माणसाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक बनवला. पेटंट न घेता तो ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला, मोबदल्यात राजाचं आभाराचं पत्र मिळालं. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये एल अलामेनच्या लढाईत असे सुमारे ५०० शोधक वापरले गेले आणि सुरुंग काढण्याचा वेग दुपटीच्या घरात गेला. पण वाळवंटातली बरीचशी वाळू म्हणजे गारगोटीचा चुरा, चुंबकीयदृष्ट्या मुकी. सैन्य इटलीत उतरलं तेव्हा लोहखनिजाच्या मातीवर डिटेक्टर बावचळू लागले. माणसं तीच आणि यंत्रंही तीच होती, बदलली होती फक्त जमीन.

माती बोलते कशी? जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून नदीच्या रेतीत ओढलं की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. आपल्याकडे लहानपणी हा उद्योग बहुतेकांनी केलेला असतो. ते कण मुख्यतः मॅग्नेटाइट आणि टायटॅनियममिश्रित लोहखनिजांचे. दख्खनचा काळा पाषाण अशाच खनिजाने भरलेला आहे आणि त्याच्या झिजेतून झालेली काळी जमीनही. कोकणातल्या जांभ्यात तर लोह कपाळावर लिहिल्यासारखं दिसतं. त्यावर आणखी एक भर. मातीचा वरचा थर खालच्यापेक्षा जास्त चुंबकीय असतो हे फ्रेंच भूशास्त्रज्ञ ल बोर्न यांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं, आणि जाळ हे त्याचं एक मोठं कारण. पाचोळ्यासकट माती तापली की तिच्यातल्या साध्या लोह-ऑक्साइडचं चुंबकीय ऑक्साइड होतं. या न्यायाने वर्षानुवर्षं राब भाजलेल्या शेताचा तुकडा डिटेक्टरला शेजारच्या बांधापेक्षा जास्त बडबडा वाटायला हवा. पुरातत्त्ववाले हाच गुण वापरून जुन्या चुली आणि भट्ट्या शोधतात. डिटेक्टरवाल्याच्या नशिबी तोच मनस्ताप.

त्यात अंतराचं गणित निर्दय आहे. छोट्या वस्तूची खोली दुप्पट झाली की कॉइलच्या लहरीला मिळणारं तिचं उत्तर साधारण चौसष्ट पट क्षीण होतं. माती मात्र कॉइलला लागूनच असते, आणि तीही ढीगभर. बटण वाढवलं की दोघांचाही आवाज वाढतो, आणि मातीचा आधीच मोठा असतो. टोकापर्यंत फिरवलेलं बटण का बोंबलतं ते यात आलं.

युद्धानंतर सैन्याचे जुने डिटेक्टर बाजारात आले आणि हौशी लोकांना नाद लागला. त्या काळातली यंत्रं जमीन कशी आहे ते ओळखू शकत नसत. कॉइलची उंची दोन बोटं बदलली तरी आवाज बदले. त्यामुळे चालवणारा कॉइल जमिनीला समांतर धरून, हात न हलवता, एखादं व्रत पाळावं तसा चालायचा. खरी सुटका १९७० च्या दशकात झाली. अमेरिकेतल्या ओरेगनमधलं स्वीट होम हे छोटं गाव, तिथली व्हाइट्स ही कंपनी आणि जॉर्ज पेन यांच्यासारखे इंजिनिअर ही नावं या टप्प्याशी जोडलेली आहेत. त्यांनी वारंवारता खूप खाली आणली, काही हजार हर्ट्झपर्यंत, आणि उत्तर किती मोठं याबरोबर ते कधी येतं हेही बघायला सुरुवात केली. कॉइलच्या लहरीला चुंबकीय मातीचं उत्तर जवळजवळ त्याच क्षणी येतं. धातूत आधी भोवऱ्यासारखा प्रवाह तयार होतो, मग त्याचं उत्तर येतं, म्हणून ते जरा मागे पडतं. मातीचं उत्तर ज्या क्षणी येतं नेमकं त्याच्याकडे पाठ फिरवायची अशी विद्युत-रचना केली की माती गप्प होते आणि धातू ऐकू येतो. यालाच ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात, आणि त्यासाठी यंत्रावर एक वेगळं बटण आलं.

ते लावायची रीत अजून तीच आहे. खाली धातू नाही अशी जागा बघायची. कॉइल वीतभर उचलायची, दोन बोटांवर आणायची, पुन्हा उचलायची. हेडफोनमध्ये तंबोऱ्यासारखी एक मंद, अखंड गुणगुण चालू ठेवलेली असते. कॉइल खाली येताना ती चढली तर बटण एका बाजूला फिरवायचं, दबली तर दुसऱ्या. वर नेली काय, खाली आणली काय, गुणगुण तशीच राहिली की जमीन जुळली. आता सेन्सिटिव्हिटीकडे वळायचं. गुणगुण तुटक होऊन कडकड करायला लागेपर्यंत ती वाढवायची आणि मग थोडी मागे घ्यायची. खोल असलेला तुकडा ठणठणाट करत नाही, त्या गुणगुणीत नुसती एक सुरकुती पडते. कडकडाटात ती सुरकुती हरवते, म्हणून मागे घ्यायचं.

ग्राउंड बॅलन्सच्या बटणाची कसोटी लागली ऑस्ट्रेलियात. व्हिक्टोरिया राज्यातल्या सोन्याच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात ढेकळाएवढे तुकडे वरच्या वर सापडले होते. १८६९ मध्ये मोलियागुलला निघालेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ तर मातीखाली जेमतेम बोटभर होता. पण तिथली जमीन लोहखड्यांची, तापट. १९८० च्या जानेवारीत सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरवर गेला आणि लोक डिटेक्टर घेऊन पुन्हा रानात घुसले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला किंगॉवरजवळ केव्हिन हिलियर यांना फूटभर खोलीवर २७.२ किलोचा तुकडा सापडला. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाने तो गाजला आणि शेवटी लास व्हेगासच्या एका कॅसिनोने विकत घेतला. एवढा मोठा तुकडा असेल तर कोणतंही यंत्र ओरडेल म्हणा. अडचण होती ती गव्हाच्या दाण्याएवढ्या सोन्याची, कारण पोट त्यावरच भरायचं.

तिथे एकाच वारंवारतेचा तोल पुरेना. लोहखडे दर पावलाला वेगळे. शिवाय काही मातीत इतके सूक्ष्म चुंबकीय कण असतात की ते लहरीबरोबर लगेच वळत नाहीत, रेंगाळतात. म्हणजे माती धातूची नक्कल करायला लागते. यावर तोड निघाली ती वेगळ्या घराण्यातून. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात पुरातत्त्वासाठी ‘पल्स’ पद्धत विकसित होत होती, एरिक फॉस्टर हे त्यातलं मोठं नाव. कॉइलमधून एक झटका द्यायचा, तो थांबवायचा, आणि काही मायक्रोसेकंदांनी कान लावायचा. साधी चुंबकीय माती तोवर गप्प झालेली असते, धातूतला प्रवाह अजून विझत असतो. रेंगाळणारी माती इथेही त्रास देतेच, पण तिचं विझणं आणि धातूचं विझणं वेगळ्या चालीने होतं. ॲडलेडच्या मिनलॅब कंपनीतले ब्रूस कँडी यांनी १९९० च्या दशकात हा फरक धरला. लहान-मोठ्या लांबीचे झटके आलटून-पालटून द्यायचे आणि त्यांची उत्तरं अशी वजा करायची की मातीची चाल शून्य होईल. आधीच्या यंत्रांनी चाळून काढलेल्या जमिनीतून त्यानंतर पुन्हा सोनं निघालं.

सोनं हुकलं तर सोनं हुकलं. सुरुंग हुकला तर पाय जातो. अंगोला, मोझांबिक, कंबोडिया या देशांत युद्धानंतर सुरुंग काढणाऱ्यांपुढे लाल जांभा होता, आणि सुरुंग प्लास्टिकचे, धातू नावापुरता. तिथे सेन्सिटिव्हिटी कमी करायची मुभाच नाही, कारण ठरलेल्या खोलीवरचा सगळ्यात छोटा तुकडा सापडलाच पाहिजे. म्हणून या लोकांनी जमिनीलाच मोजमाप लावलं. डिटेक्टर एका ठराविक तुकड्यावर हवेत जुळवायचा, मग जमिनीकडे हळूहळू न्यायचा आणि नुसत्या मातीवर तो किती उंचीवर बोलू लागतो ते पट्टीने मोजायचं. उंची जितकी जास्त तितकी जमीन वाईट. कुठे कोणतं यंत्र न्यायचं हे त्या सेंटिमीटरांवर ठरतं, आणि कुठल्याच यंत्राला जमत नसेल तर माणूस गुडघ्यावर बसून हाताने खणतो. जाहिरातीतल्या ‘कमाल खोली’पेक्षा मला हा आकडा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

समुद्रकाठी प्रकरण आणखी वेगळं. ओल्या वाळूतलं खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ते माती बनून न बोलता धातूच्या बाजूने बोलतं. रत्नागिरीकडच्या काही किनाऱ्यांवर तर वाळू काळी आणि पाणी खारं, म्हणजे दोन्ही एकदम. एका वारंवारतेच्या यंत्राने एकाशी जुळवलं की दुसरं उसळतं. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रं आली ती यासाठी.

आताच्या यंत्रांना यातलं बरंच काही आपोआप जमतं. चालता चालता ती जमिनीचा तोल बदलत राहतात, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सोय चांगली आहे, पण एक खोड आहे. बारीकसा, शंकेचा आवाज आला की माणूस खात्री करायला त्याच जागेवर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवतो, आणि यंत्र समजतं की ही जमीनच अशी आहे. चौथ्या-पाचव्या फेरीला आवाज बंद. म्हणून जुने लोक शंका आली की आधी तो आपोआप चालणारा तोल कुलूपबंद करतात, कॉइल थोडी बाजूला नेऊन स्वच्छ मातीवर जुळवतात आणि मगच परत त्या जागेवर येतात.