हाक एकाला, प्रवास सगळ्यांचा

गेल्या भागानंतर इंदूरच्या एका ताईंनी मला विचारलं, "हे मिशनरी म्हणायचे, देवाने बोलावलं म्हणून आम्ही एवढ्या लांब आलो. ते बोलावणं नेमकं कसं असतं हो?" मराठी ख्रिस्ती मंडळी त्याला 'पाचारण' म्हणतात. मी इतिहासाचा माणूस. देव काय बोलला ते माझ्या कागदपत्रांत सापडत नाही. पण बोलावणं आल्यावर घरात काय झालं, ते सापडतं. म्हणून आज विल्यम केरी यांच्या घरात डोकावू या.

केरींचा जन्म १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातला. धंदा जोडे शिवण्याचा. १७८१ मध्ये डोरोथी प्लॅकेट यांच्याशी लग्न झालं, तेव्हा नोंदवहीत डोरोथीबाईंनी सहीच्या जागी फुली मारली. नवऱ्याला मात्र पुस्तकांचं वेड. कॅप्टन कुकच्या समुद्रसफरी वाचून झाल्या आणि कामाच्या खोलीत भिंतीवर जगाचा नकाशा चढला, कागदाला कागद चिकटवून केलेला. त्यावर देशोदेशींची लोकसंख्या, धर्म, जे जे कळेल ते हाताने लिहिलेलं.

देवाची हाक म्हटली की आपल्याला वाटतं, प्रकाश दिसला असेल, आवाज ऐकू आला असेल. केरींनी १७९२ मध्ये आपली पुस्तिका छापली, तिच्यात आहेत तक्ते! कुठला देश केवढा, तिथे माणसं किती, कुठल्या धर्माची. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्या जगात जा ही ख्रिस्ताची आज्ञा त्या पहिल्या शिष्यांपुरती नव्हती, आजही लागू आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावात बॅप्टिस्ट मिशनरी संस्था उभी राहिली. वर्गणीची वचनं मिळाली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्सांची. एवढ्यावर हिंदुस्थान!

डोरोथीबाईंनी साफ नकार दिला. का देऊ नये? तीन मुलगे पदरात, चौथं मूल पोटात, दोन लेकी आधीच मातीआड गेलेल्या. त्यातच फ्रान्सशी युद्ध पेटलेलं. मग केरींनी ठरवलं, थोरल्या फेलिक्सला घेऊन निघायचं, बाकीचे मागे राहतील. निघालेही. पण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, परवाना नव्हता, आणि त्यांना जहाजातून उतरावं लागलं.

या खोळंब्याने डोरोथीबाईंचं आयुष्य फिरलं. तोवर त्या बाळंत झाल्या होत्या. केरींचे सोबती डॉक्टर जॉन थॉमस पुन्हा घरी गेले आणि म्हणाले, आता मागे राहिलात तर जन्मभर पस्तावाल. अखेर त्या कबूल झाल्या, पण धाकटी बहीण सोबत येईल तरच. १३ जून १७९३ रोजी काही आठवड्यांचं बाळ मांडीवर घेऊन त्या डॅनिश जहाजात चढल्या. पाच महिन्यांनी बंगाल दिसला.

पुढचे दिवस हलाखीचे गेले. आधी कलकत्त्यात पैसे संपले, मग सुंदरबनाजवळ झोपडी, मग माल्द्याकडे मुदनाबाटीला निळीच्या कारखान्यात नोकरी. तिथे १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर रक्ती आवेने गेला. जातपातीच्या भयाने त्याची कबर खणायला, त्याला उचलायला माणसं मिळेनात. त्यानंतर डोरोथीबाईंचं मन ढळलं. नवरा व्यभिचारी आहे असा भ्रम झाला. त्या रस्त्यात आरडाओरडा करू लागल्या, अंगावर धावून जाऊ लागल्या.

१८०० च्या जानेवारीत कुटुंब श्रीरामपूरला आलं. आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे बरं का, हुगळीकाठचं, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातलं. तिथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता. त्याच वर्षी २८ डिसेंबरला तिथे कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला. केरींनी या दिवसाची सात वर्षं वाट पाहिली होती. घाटावर लोक जमले, केरी पाण्यात उतरले. आधी मुलगा फेलिक्स, मग कृष्ण पाल. आणि त्याच वेळी घरात एका खोलीत डोरोथीबाई बडबडत होत्या, दुसरीत आनंदाच्या भरात वेडे झालेले थॉमस. ही नोंद मिशनच्याच विल्यम वॉर्ड यांनी रोजनिशीत करून ठेवली आहे. विरोधकाने लिहिलेली नाही.

जुन्या चरित्रकारांनी या बाईंना नवऱ्याच्या कार्यातली धोंड ठरवलं. मला ते पटत नाही. हाक त्यांना आलेलीच नव्हती. केरींना दगडही म्हणवत नाही. त्यांनी पत्नीला शेवटपर्यंत घरातच ठेवलं. पण नकाशावर एवढ्या बारकाईने लिहिणाऱ्या या माणसाने स्वयंपाकघरातून आलेला नकार तेवढ्या बारकाईने ऐकला का, हा प्रश्न मी सोडायला तयार नाही.

आता आपल्या मराठीकडे येतो. केरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. महाराष्ट्रात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. मराठीसाठी आधार होता तिथले पंडित वैजनाथ यांचा. १८०५ मध्ये केरींचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापून झालं, देवनागरीत, कारण मोडीचे खिळे तयार नव्हते. ते झाले आणि १८१० मध्ये शब्दकोश निघाला. शेजारच्या खोलीत पत्नीचा आकांत आणि इकडे केरींचं भाषांतर, हे दृश्य मार्शमन या सहकाऱ्याच्या मुलाने पुढे लिहून ठेवलं. व्याकरण छापलं गेलं तेव्हाही डोरोथीबाई त्या खोलीतच होत्या. शब्दकोश निघाला तेव्हा नव्हत्या. ८ डिसेंबर १८०७ रोजी श्रीरामपूरलाच त्या वारल्या. केरी १८३४ मध्ये गेले. एकेचाळीस वर्षांत ते एकदाही इंग्लंडला परतले नाहीत.

डोरोथीबाईंची बाजू आपल्याला कळते ती इतरांच्या पत्रांतून आणि रोजनिश्यांतून. त्यांच्या स्वतःच्या हातची म्हणून मी दाखवू शकतो ती एकच खूण, लग्नाच्या वहीतली ती फुली.