पोहोचल्याचं पत्र

लहानपणी आम्ही इंदूरहून बाहेरगावी निघालो, की आजी पत्ता घातलेलं कोरं कार्ड हातात ठेवायची. "पोहोचल्याचं लिहा गं." तेव्हा हसू यायचं. पुढे ठगांचा इतिहास वाचला आणि त्या कार्डाची किंमत कळली.

एकामागून एक खून करणारे एखाद्या काळात वाढतात, पुढे कमी होतात. असं का? माणसातलं क्रौर्य काही दर पन्नास वर्षांनी बदलत नाही. मला वाटतं, हरवलेल्याचा शोध कोण आणि किती लवकर घेतं, यावर बरंच अवलंबून असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मध्य भारतातल्या वाटांवर ठग प्रवाशांना गोड बोलून सोबत करायचे, रुमालाने गळा आवळायचे, प्रेत पुरून टाकायचे. रजेवर निघालेला शिपाई मेला, तरी पलटणीला वाटे घरी आहे, घरच्यांना वाटे नोकरीवर आहे. १८१० मध्येच शिपायांना बजावलं गेलं, रोख नेऊ नका, हुंडी न्या. पुढे जबलपूरकडे स्लीमनने माफीच्या साक्षीदारांकडून ठगांची नावं, नातीगोती, प्रेतं पुरल्याच्या जागा लिहून घेतल्या. १८३६ मध्ये खास कायदा झाला. ठगांचे आकडे इंग्रजांनी फुगवले, असं काही इतिहासकार म्हणतात. पण वाटेत माणसं गडप होत होती, हे खरं. मग रेल्वे आणि तार आली, आणि त्या वाटाच ओस पडल्या.

अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत हेच नव्या रूपात दिसलं. लांबलचक महामार्ग, अनोळखी गाडीत बसणारी तरुण मुलं, आणि एका राज्याच्या पोलिसांना दुसऱ्याची खबर नाही. सिएटलजवळ गॅरी रिजवेने मुख्यतः घर सोडलेल्या मुली आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया मारल्या. १९८२ पासूनचे खून, आणि तो सापडला २००१ मध्ये, डीएनए चाचणीमुळे! आता मोबाईल आहेत, कॅमेरे आहेत, तिथे असे खून पुष्कळ घटले.

मुंबईत १९६८ मध्ये पकडलेल्या रमण राघवचे बळीही झोपड्यांतले, उघड्यावर झोपणारे गरीबच होते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या कामवाल्या मावशी चार दिवस आल्या नाहीत. मी चिडले, दुसरी बाई बघायला लागले. पाचव्या दिवशी तापाने सुकलेल्या त्या दारात उभ्या! मला त्यांचं घरसुद्धा माहीत नव्हतं.

त्या दिवशी त्यांचा पत्ता आणि मुलीचा नंबर वहीत लिहून घेतला.