समुद्राची खानेसुमारी

पाणी कोमट आहे आणि घट्ट. हात मारून पाहा. थोडे पुढे सरकलात, हात थांबला आणि तुम्हीही जागच्या जागी थांबलात. शरीर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं झालं की पाणी काकवीसारखं भेटतं. जेवढी वळवळ कराल तेवढंच अंतर कापलं जाईल. एक हात मारून सरसर पुढे जाण्याची चैन माशांची.

आजपासून साधारण आठ कोटी वर्षं मागे आला आहात. जिथे पुढे इंग्लंडचा दक्षिण भाग, उत्तर फ्रान्स आणि डेन्मार्क असणार आहेत, तो मुलूख सध्या पाण्याखाली आहे. ध्रुवांवर मोठे हिमथर नाहीत, म्हणून समुद्र जमिनीवर चढून बसला आहे. वरून हिरवट-निळा उजेड झिरपतो आहे आणि त्या उजेडात तुमच्याभोवती दाट वस्ती आहे.

समोरून येतोय तो गोळा बघा, तुमच्याच उंचीचा. अंगभर चकत्या लावलेल्या, आऱ्या असलेल्या चाकांसारख्या. हा कोकोलिथोफोर, एकपेशी शैवाल. या चकत्या कॅल्साइटच्या आहेत. पेशी त्या स्वतःच्या आत घडवते, मग बाहेर सरकवून अंगावर बसवते. अंगावरून सुटलेली एकटी चकती तळाकडे निघाली तर या घट्ट पाण्यातून पोचायला तिला वर्षं लागतील. पण तसं सहसा घडत नाही. शेजारून एक कोपेपॉड येतो, कोळंबीचा दूरचा नातलग, तुमच्या दृष्टीने हत्तीहूनही अवाढव्य. तो असे गोळे भराभर गिळतो आणि मागे एक घट्ट लेंडी टाकतो. तिच्यात हजारो चकत्या ठासून भरलेल्या असतात. ही लेंडी जड, म्हणून थोड्या दिवसांत तळाला जाते. हजार वर्षांत तळावर थर साचतो तो जेमतेम दोनेक सेंटिमीटरचा. तरीही अशाच थरांनी बनलेले इंग्लंडमधले डोव्हरचे खडूचे पांढरे कडे शंभर मीटरहून उंच आहेत. त्यांना हाताने स्पर्श करणारा माणूस या पेशींची कवचं आणि त्यांना खाणाऱ्यांच्या लेंड्या यांना स्पर्श करत असतो. १८६८ साली इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सलीने नॉरिचच्या कामगारांसमोर केवळ खडूच्या एका तुकड्यावर भाषण दिलं होतं. त्या तुकड्यात सांगण्यासारखं खरोखरच तेवढं आहे.

डावीकडे वळा. ही काचेची डबी म्हणजे डायटम. मराठीत याला करंडकही म्हणतात आणि मला ते नाव फार आवडतं, कारण कुंकवाच्या करंड्यासारखंच याला बूड आहे आणि वरून बसणारं झाकण. करंडा सिलिकाचा, त्यावर नक्षीदार भोकांच्या रांगा. आता ही पेशी दुभंगते आहे, नीट बघा. घराचे दोन वाटे होतात: एका लेकीला झाकण मिळतं, दुसरीला बूड. दोघीही आपल्या वाट्याला आलेल्या अर्ध्या भागाला झाकणच मानतात आणि त्यात बसेल असं नवं बूड घडवतात. त्यामुळे जिला जुनं बूड मिळालं ती आईपेक्षा जराशी लहान. पिढ्यानपिढ्या असं लहान होत गेल्यावर एक वेळ येते, तेव्हा पेशी करंडा टाकून देते, समागम होतो आणि पुन्हा पूर्ण मापाची पेशी जन्माला येते. आठ कोटी वर्षांपूर्वी हे चाललं होतं आणि आज रत्नागिरीच्या पाण्यातही हेच चाललं आहे.

आता एक कोटी चाळीस लाख वर्षं पुढे या. आधी आपल्या मुलखावरून जाऊ. भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि त्याच्या पश्चिम भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहतो आहे. एक लोट येतो, निवतो, त्यावर माती तयार होते. मग पुढचा लोट ती माती भाजून काढतो. घाटातून जाताना काळ्या कातळात तांबडे पट्टे दिसतात ना, त्यांतले बरेचसे असेच झाले आहेत. तुमचा सह्याद्री रचला जातो आहे. कातळाची जाडी पुढे काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या वर जाईल.

त्याच सुमारास, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, मेक्सिकोच्या युकातानजवळ सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा एक खडक आदळतो. तुम्ही परत पाण्यात शिरा आणि थांबा. इथे आवाज पोचत नाही, लाट कळत नाही. कळतं ते एवढंच की वरचा उजेड गेला. धूळ आणि काजळी आभाळभर पसरली आहे. दिवस उलटतात, महिने उलटतात. तुमच्या शेजारचा चकत्यांचा गोळा दुभंगायचा थांबतो. उजेड नाही म्हणजे साखर नाही. त्याला खाणारा कोपेपॉड उपाशी, कोपेपॉडला खाणारा मासा उपाशी. डायनोसॉरच्या मरणाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. समुद्रातली ही शांत उपासमार माझ्या मते तेवढीच मोठी घटना आहे आणि तिच्याबद्दल आपण जवळपास काही बोलत नाही.

कोकोलिथोफोरांच्या सुमारे नव्वद टक्के जाती इथे संपतात. उरतात कोण? एकाच्या कवचाकडे जवळून पाहा. त्याला एका बाजूला मोठं भोक आहे. त्यातून चाबकासारखे दोन तंतू बाहेर येतात. त्यांच्या बळावर तो पोहतो आणि जिवाणू पकडून गिळतो. उजेड असेल तेव्हा वनस्पती, नसेल तेव्हा शिकारी. जीवाश्मांतली ही भोकं अभ्यासकांनी २०२० साली पुढे आणली. करंडकांची युक्ती वेगळी. त्यांच्यातल्या अनेकांनी जाड कवचाचे सुप्त बीजाणू केले, ते तळाच्या गाळात जाऊन निजले आणि उजेड आल्यावर जागे झाले. म्हणून करंडकांचं नुकसान कमी. इटलीत गुब्बिओजवळच्या घळीत हा सगळा प्रसंग सेंटिमीटरभर चिकणमातीत मावला आहे. तिच्या खालच्या चुनखडीत फोरॅमिनिफेरा या एकपेशी जीवांची मोठी, नानाविध कवचं आहेत. वरच्या चुनखडीत अगदी मोजकी आणि चिमुकली. खुल्या समुद्रातली विविधता भरून यायला पुढे लाखो वर्षं लागली.

तिथे फार थांबू नका. पुढचा मुक्काम जहाजावर आहे आणि तिथे तुम्हाला तुमची माणसाची उंची परत मिळते.

१८३२चा जानेवारी महिना. टेनेरीफ सोडून केप व्हर्देकडे निघालेल्या ‘बीगल’च्या मागे बावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनने चार फूट खोल कापडी पिशवी ओढत सोडली आहे. ती वर घेतो तेव्हा तिच्यात इतके नाजूक, देखणे जीव सापडतात की तो चक्रावतो. एवढं सौंदर्य इतक्या क्षुल्लक हेतूसाठी, याचं नवल त्याने रोजनिशीत नोंदवलं.

डार्विनने पाहिलं, पण मोजलं जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सनने. १८८९च्या उन्हाळ्यात कील बंदरातून ‘नॅशनल’ हे जहाज निघालं आहे आणि तुम्ही त्याच्या डेकवर आहात. भटक्या या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून प्लँक्टन हे नाव हेन्सननेच दोन वर्षांपूर्वी दिलं. त्याच्या जाळ्याला पीठ चाळायचं रेशमी कापड लावलं आहे. जाळं खोल सोडायचं, सरळ वर ओढायचं, जे आलं ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचं. समुद्र किती माणसांना पोसू शकेल हे त्याला या मोजणीतून काढायचं होतं. उष्ण कटिबंधाचं निळंशार पाणी समृद्ध असेल असं सगळ्यांना वाटत होतं. जाळं वर येतं ते जवळजवळ रिकामं. उत्तरेच्या थंड, मातकट पाण्यात मात्र ते भरून आलं होतं. निळा रंग म्हणजे समुद्राचं माळरान: खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत, म्हणून पीक नाही. रेडिओलॅरिया या सूक्ष्म जीवांची अप्रतिम चित्रं काढणारा अर्न्स्ट हेकेल या मोजणीवर तुटून पडला. प्लँक्टन सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, मग चार ठिकाणी मोजून काय कळणार, असं त्याचं म्हणणं. वस्ती विखुरलेली असते हे हेकेलचं खरं होतं. तरी मी हेन्सनच्या बाजूने उभा आहे. मोजल्याशिवाय काय गेलं ते कळत नाही.

एक गोष्ट दोघांच्याही हातून निसटली. पुन्हा लहान व्हा, या वेळी आधीच्याहून दहा-पंधरा पट लहान, आणि रेशमाच्या भोकातून सरळ बाहेर पडा. त्या रिकाम्या ठरवलेल्या निळ्या पाण्यात तुमच्याभोवती हिरवे ठिपके आहेत, चमचाभर पाण्यात लाखोंनी. हा प्रोक्लोरोकॉकस. सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८८ साली जगापुढे मांडला, पेशी लेसरच्या झोतातून एकेक करून नेणाऱ्या यंत्राच्या मदतीने. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा भाग समुद्रात होतो, आणि त्यातल्या एका मोठ्या वाटेकऱ्याचं नावही आपल्याला तोवर ठाऊक नव्हतं.

आता घरी. कोकणातला कुठलाही किनारा, अमावास्येची रात्र. लाट फुटते आणि तिच्या कडेने निळा उजेड धावतो. ओल्या वाळूवर पाऊल टाका, पावलाभोवती ठिणग्या उठतात. अलीकडच्या वर्षांत हे पाहायला लोक मुद्दाम येतात, फोटो काढतात. हा नॉक्टिलुका. धक्का लागला की क्षणभर चमकणारी, साध्या डोळ्यांना ठिपक्याएवढी दिसणारी पेशी. ती स्वतः शिकारी आहे, करंडकांना गिळते. तिचा एक प्रकार पोटात हिरवी शैवालंही बाळगतो आणि त्यांनी केलेल्या साखरेवर जगतो. उजेडात वनस्पती, अंधारात शिकारी: ही रीत तुम्ही आधी पाहिली आहे.

उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी करंडकांचा बहर येई. या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या जागी हिरवा नॉक्टिलुका पसरू लागला. मूळचे गोव्याचे हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोज यांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली त्याचा संबंध वर सरकणाऱ्या, कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. उपग्रहाला दोन्ही बहर हिरवेच दिसतात. पण करंडकांना कोपेपॉड खातात, आपली तारली तर त्यांना थेट खाते. नॉक्टिलुका बहुतेकांना नकोसा, तो जातो जेलीफिश आणि साल्प अशा लिबलिबीत जीवांच्या पोटी. पाण्यात हिरवं किती आहे यापेक्षा ते हिरवं कोण आहे, यावर बंदरावरची टोपली ठरते.

म्हणून किनाऱ्यावर चमक दिसली तर फोटोबरोबर तारीख, जागा आणि भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवा. सकाळी परत जाऊन पाण्याचा रंग बघा, त्या दिवशी जाळ्यात काय आलं ते होडीवाल्यांना विचारा आणि ती नोंद जवळच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा समुद्रविज्ञान संस्थेत नेऊन द्या.