रेडॉन, काळा पाषाण आणि आपलं पुणं

डिसेंबर १९८४, पेनसिल्व्हेनिया. लिमरिक अणुवीज केंद्रातला इंजिनिअर स्टॅन्ली वॉट्रास कामावर आला की किरणोत्साराचा अलार्म वाजायचा. गंमत म्हणजे अणुभट्टी अजून सुरूच झाली नव्हती! घरातूनच तो हे अंगावर घेऊन येत होता. जमिनीतल्या युरेनियमपासून बनणारा रेडॉन वायू; ना रंग, ना वास, पण फुफ्फुसाच्या कॅन्सरचं मोठं कारण. त्यानंतर अमेरिकेत घरं तपासायची मोहीमच निघाली.

आपल्या पुण्याखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण बेसमेंटमधली ऑफिसं, अभ्यासिका, दिवसभर बंद खिडक्या? तिथलं मोजल्याशिवाय कसं कळणार? मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी छोटी डबी बनवलीये, आत फिल्म; काही महिने खोलीत टांगायची. भोगवटापत्र देताना महापालिकेने तळघराचं हे माप मागायला हवं.