तारण कुणाचं?

१५१७ साली ल्यूथरनं पोपच्या माफीपत्रांचा बाजार उघडा पाडला. कॅथलिक म्हणतो, पाद्र्यापुढं पाप कबूल कर. प्रॉटेस्टंट म्हणतो, मधी दलाल कशाला? श्रद्धेनंच तारण. रावेरला भटाविना लागलेली लगनं पाहिलेल्या मला हे झटकन पटतं.

पण जातीचं काय? १६२३ मध्ये पोपनं दक्षिणेतल्या बामण ख्रिस्त्यांना जानवं-शेंडी ठेवू दिली. १८५० साली मद्रासेत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी जातीविरुद्ध ठराव केला. तरी जात दोन्ही चर्चमध्ये टिकली.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दोन्ही पंथांचे दलित अनुसूचित यादीबाहेर ठेवले. आपल्याला, बौद्धांना, १९९० साली आत घेतलं. ते अजून बाहेरच. दोस्तांनो, त्यांच्या मागणीमागं आपण उभं राहायलाच पाहिजे. जयभीम!